तिसरी 'ब'ची उसळ

मी तिसरी 'ब'चा अख्खा वर्ग खाल्लेला आहे. चौतीसच्या चौतीस, वरून कोथिंबीर भुरभुरून. (दुसऱ्यांदा वाढून घेतली होती, तेही कबूल करून टाकतो.)

झालं असं, की नाताळच्या सुट्टीआधी माझ्या मुलीच्या, मनवाच्या वर्गात 'बी कसं रुजतं' हा धडा झाला. प्रत्येकाने कागदी कपात ओल्या कापसावर मटकी पेरली. टीचरनी चार-चार दाणे सांगितले होते, पोरांनी मूठ-मूठ टाकली. प्रत्येक कपात टूथपिकवर नावाचा झेंडा: आरव, झोया, मेलविन, हेतल. आता शाळा बंद, पाणी कोण घालणार? टीचरनी सगळे कप मनवाच्या हवाली केले. रोज प्रत्येकाची उंची मोजायची आणि वहीत लिहायची, हा तिचा सुट्टीचा अभ्यास.

त्यामागे टीचरचा हेतू वेगळाच होता. ऑगस्टमध्ये माझी आई गेली. तेव्हापासून मनवा वर्गात तोंड उघडत नव्हती. टीचर मला म्हणाल्या, "तिला काहीतरी सांभाळायला देऊ या." आणि खरंच, शनिवारी पोरगी कपांचं खोकं मांडीवर घेऊन रिक्षातून आली, ती सिल्व्हर पार्कच्या नाक्यापासून बडबडतच.

घरात आणखी एक माणूस गप्प होतं. माझे बाबा. आई गेल्यापासून ते खोलीतच असत. हाक मारली की जेवायला यायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. मी रोज उपदेश करायचो, "बाबा, खाली जाऊन बसा, काहीतरी करत जा." सल्ले द्यायला माझं काय जातंय? स्वतः त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसलो असेन तर शपथ.

सोमवारी मनवा दिवसभरासाठी जेसल पार्कला मामाकडे गेली. जाताना म्हणाली, "पप्पा, आजोबांना सांगून ठेवा, कपांना दोनदा पाणी घालायचं." मी म्हटलं, "सांगतो." आणि ऑफिसला निघून गेलो. दुपारी मीटिंग चालू असताना बाबांचा फोन.

"अरे, बाल्कनीत मटकीला छान मोड आलेत. घेऊ का?"

"घ्या की बाबा, विचारताय काय?"

एवढं बोलून मी परत साहेबांसमोर मान डोलवायला लागलो.

संध्याकाळी मी आणि बायको, शीतल, एकदमच घरी पोचलो तर जिन्यापर्यंत फोडणीचा वास. दार उघडलं. ज्या माणसाने जन्मात चहा केला नाही, तो शीतलचा एप्रन बांधून ओट्याशी उभा.

"हातपाय धुवून बसा. उसळ केलीय," बाबा म्हणाले. "तुझी आई करायची तशी. चाळीस वर्षं नुसती खाल्ली रे, कशी करते ते विचारलं नाही कधी. आठवून आठवून केली."

मीठ डबल होतं. पण आमसूल आणि गुळाचा अंदाज अगदी आईचा. आम्ही हाणली. बाबासुद्धा तिसरी पोळी घेत होते. घेता घेता म्हणाले, "तुमच्या हल्लीच्या मटकीत कापूस फार निघतो."

मी वळून ओट्याकडे पाहिलं.

"आणि झेंडे कसले रे ते? मला वाटलं, कुठल्या दुकानातली आहे ते लिहिलंय."

शीतलने टेबलाखालून मला लाथ घातली. ओट्यावर चौतीस कप धुऊन उपडे घातले होते. शेजारी वाटीत चौतीस झेंडे, पुसून ठेवलेले.

सांगायचं कसं? चार महिन्यांनी हा माणूस पोटभर जेवत होता. 'बाबा, तुम्ही नातीचा अभ्यास शिजवलात' म्हटलं असतं तर ते परत खोलीत गेले असते, आणि मग कशानेच बाहेर आले नसते. माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात मनवा आली. चपला काढून थेट बाल्कनीत. परत आली ती तोंड पांढरंफटक. मी बाबांच्या पाठीमागे उभा राहून तिला हात जोडले.

"मनू, तुझ्यासाठी वाटीभर ठेवलीय," बाबा म्हणाले. "आजीसारखी झालीय का सांग बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. अप्रेझलला साहेबसुद्धा माझ्याकडे असं बघत नाहीत. मग बसली, सगळी वाटी संपवली आणि म्हणाली, "झालीय." बाबा डोळे पुसत आत गेले. ती माझ्या कानाशी आली.

"पप्पा, यात मेलविन पण आहे?"

"असेल."

"तो सगळ्यात उंच होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन केबिन रोडच्या भाजीबाजारात. "भैया, तीन सेंटीमीटरवाली मटकी है?"

भाजीवाला म्हणाला, "साब, उसल बनानी है कि पँट सिलवानी है?"

मिळाली ती आणून कपांत भरली. मनवाने मोजली. "काल तीन होती, आज एक. रोपं लहान होतात?"

"थंडीने आकसतात कधी कधी."

"पप्पा, आजोबांशी खोटं बोलू. टीचरशी नको."

शेवटी शाळा उघडली त्या दिवशी वर्गासमोर मी उभा राहिलो. "बच्चों, आप की मटकी मैंने खा ली."

"सबकी?" झोयाने विचारलं.

"सबकी."

मागच्या बाकावरून मेलविन म्हणाला, "अंकल, टेस्टी थी क्या?"

बाकी सगळ्या प्रश्नांची तयारी मी करून गेलो होतो. "मेरी माँ बनाती थी ना, वैसी थी," एवढंच बोललो. आई गेली तेव्हा दाखला, बँक, तेराव्याचा केटरर, सगळं मी बघितलं. 'खंबीर आहे हो,' लोक म्हणाले. डोळ्यांत टिपूस नव्हता. आणि आता जानेवारीत, चौतीस पोरांसमोर, फळ्याला टेकून मी हुंदके देत होतो. हेतलने डब्याचा नॅपकिन आणून दिला. मेलविन म्हणाला, "अंकल, रोने का नहीं. फिर से उगाएंगे."

टीचरना वाटलं, पश्चात्ताप. त्यांनी मनवाच्या डायरीत लिहिलं, 'वर्गाची मटकी खाल्ल्याबद्दल वडिलांना समज दिली आहे. ते फार रडले. घरी आणखी रागावू नये. पालकांची सही आणावी.'

मी शीतलची गुपचूप सही घेणार होतो, पण डायरी पडली बाबांच्या हाती. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"मला सांगायचंस ना रे," एवढंच म्हणाले. मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि 'पालक' या शब्दासमोर सावकाश सही केली. बायको, मुलगी, फ्लॅटचे हप्ते, सगळं असलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाचे पालक म्हणून.