एलेनाची आजी आणि बाबांची वऱ्हाडी

बडनेरा स्टेशनावर गाडी जेमतेम थांबते, त्यामुळे रडायला वेळच मिळत नाही. २००२ साली मी जर्मनीत हॅनोव्हरला निघाले तेव्हा बाबांनी लोणच्याच्या बरण्यांसकट सामान डब्यात चढवलं आणि उतरता उतरता टीसीला म्हणाले, "साहेब, ह्या पोट्टीवर ध्यान ठेवजा. तिकीट हिचं एकटीचंच हाय, लोणच्याचं काढलं नाही." अख्खा डबा हसला, आणि मीही हसतच अमरावती सोडली. बाबांचं असंच असायचं. कॉलनीत कुणाच्या मयतीला गेले तरी घरच्यांच्या तोंडावर घटकाभर हसू आणून परतायचे, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

तिकडे राहिलेले तुम्ही सगळे फोनवर विचारता, कसं आहे तिकडे? नीट आहे. प्रयोगशाळेतली नोकरी बरी आहे, बस वेळेवर येते, रविवारी दुकानं बंद असतात. नवरा पुण्याचा, त्यामुळे घरात पुण्याची मराठी. माझी वऱ्हाडी कधी मागे पडली ते कळलंही नाही. आमची प्रज्ञा किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागल्यापासून मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तुमच्यातले जे इकडे आलेत त्यांच्याकडेही हेच चालू असणार, त्यामुळे त्याचं रडगाणं गात नाही.

प्रज्ञा चार वर्षांची असताना बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले. आई तोवर गेली होती. पहिल्याच सकाळी ते नातीला म्हणाले, "बाळ, आपण दूध प्यावे." मला हसूच फुटलं. "बाबा, हे काय रेडिओवरच्या बातम्यांसारखं?"

ते हसले नाहीत. "माह्यामुळं लेकराची भाषा नको बिघडाले," म्हणाले.

मग ते प्रत्येक शब्द तोलून बोलायला लागले, आणि हळूहळू बोलायचेच कमी झाले. मी आधी प्रवासाचा शीण म्हटलं, मग हवा मानवत नाही म्हटलं, मग वयावर ढकललं. प्रज्ञा त्यांच्याशी फार नीट वागायची, पाहुण्यांशी वागावं तशी. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटायचं.

त्याच दिवसांत आम्ही घर बदललं. उमझुगला, म्हणजे घरसामान हलवायला, एलेना मदतीला आली. आम्ही दोघी एकाच वर्गात जर्मन शिकलेल्या, त्यामुळे आमच्या चुकाही सारख्याच. ती चिली देशाच्या दक्षिणेकडची, चिलोए नावाच्या बेटांवरची. कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवून आम्ही खोक्यांवर बसून पिझ्झा खात होतो, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या बेटावर सामान हलवत नाहीत, घरच हलवतात."

मला थट्टा वाटली. पण खरंच, लाकडी घर खालून सोडवतात, ओंडक्यांवर चढवतात, बैलांच्या जोड्या लावतात आणि सगळं गाव मिळून ओढतं. वाटेत समुद्र आला तर भरतीला घर पाण्यात सोडून होड्यांनी पलीकडे नेतात. मजुरी कुणी घेत नाही. घरमालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, की झालं.

एलेना आठ वर्षांची असताना त्यांचं घर असंच हललं होतं. तिच्या आजीची भाषा हुईलिचे, तिथल्या मूळ लोकांची. पण पोरांना शाळेत कुणी हसू नये म्हणून आजी घरात मोडकं स्पॅनिशच बोलायची, तेही गरजेपुरतं. एलेनाला वाटायचं, आजी मुळातच अबोल आहे. त्या दिवशी घर चिखलात रुतलं, बैल अडले, आणि आजी पुढे होऊन आपल्या भाषेत बैलांना काहीबाही सुनवायला लागली. गावातले म्हातारे पोट धरधरून हसले. "माझी आजी एवढी विनोदी आहे, हे मला त्या दिवशी कळलं," एलेना म्हणाली. "तेव्हाचं एक वाक्य अजून पाठ आहे. अर्थ माहीत नाही."

मग कोपऱ्यात बसलेल्या बाबांकडे बघून तिनं सहज विचारलं, "तुझे वडील पहिल्यापासूनच अबोल आहेत का गं?"

मी हातातला पिझ्झा खोक्यावर ठेवला आणि बाबांकडे पाहिलं.

संध्याकाळी मी ती सगळी गोष्ट बाबांना सांगितली, कितीतरी वर्षांनी अडखळत वऱ्हाडीत. ते म्हणाले, "मंग बुढीनं बैलायले म्हटलं तरी काय?"

"नाही माहीत बाबा. सांगाले कोणी उरलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, "काय करून रायली वं पोट्टे? सूर्य पाह्य, तुह्या नावानं बोंबलून रायला!" प्रज्ञा खुदकन हसली आणि ओरडली, "नोखमाल!" पुन्हा म्हणा! बाबांनी पुन्हा म्हटलं, हातवारे करून, दुप्पट आवाजात.

आता बाबा अमरावतीला असतात आणि रविवारी फोन येतो. प्रज्ञा जर्मनमध्ये बोलते, ते वऱ्हाडीत. अर्धं तिला कळत नाही, अर्ध्याहून जास्त त्यांना. ती सोफ्यामागे बसून खिदळते आणि मी भाजी चिरत ऐकते. घर म्हणून मला आता एवढंच पुरतं. परवा फोन माझ्या हातात देताना ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "मम्मी, आबा इस्ट सो लुस्टिश." आबा फार गमतीचे आहेत, असं ती मला समजावून सांगत होती, मला ते ठाऊकच नसल्यासारखं.