पप्पांचा डावा बूट

"पोरीचं वजन उतरंल, पन बाप काय काट्यावर चढायचा नाय," पडद्यामागून वजन घेणाऱ्या मावशींचा आवाज आला आणि त्यांच्याबरोबरची नर्स हसली.

मी बाहेर बाकावर आईशेजारी बसले होते. अकरा वर्षांची, अंगात शाळेच्या युनिफॉर्मची सगळ्यात मोठी साईज. त्या मला हसत नव्हत्या, तरी मी पोट आत ओढून घेतलं. पप्पा काट्याला घाबरत नाहीत, हे मला त्यांना सांगावंसं वाटलं. पण मग ते कशाला घाबरतात, तेही सांगावं लागलं असतं.

पनवेलमधल्या त्या मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे आम्ही सलग तिसऱ्या महिन्यात आलो होतो. पहिल्यांदा आलो तेव्हा आईला वाटलं होतं, गोळ्या देतील. मॅडमनी एकही गोळी दिली नाही. हिला एकटीला उपाशी ठेवायचं नाही, असं मात्र बजावलं. हिच्या ताटात जे असेल तेच सगळ्यांच्या ताटात. फरसाणचा डबा घरातच ठेवायचा नाही. जेवताना टीव्ही बंद. आईवडिलांपैकी एकाने रोज हिच्याबरोबर चालायचं आणि दर महिन्याला तिघांचंही वजन करायचं.

"जाडी ही, आन शिक्षा आमाला," आई घरी येताना म्हणाली. तरी तिने सगळं केलं. बोंबील तळणं बंद झालं, कालवणातले तेवढे राहिले. पाहुण्याने दुसऱ्यांदा भात नको म्हटलं तरी दिवसभर मनाला लावून घेणारी माझी आई, माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढताना हात आवरू लागली.

चालायचं काम पप्पांनी घेतलं. ते न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. घरी आले की बूट न काढताच म्हणायचे, "चल गो, राऊंड मारू." वडाळे तलावाला आम्ही दोन फेऱ्या घालायचो. मला धाप लागायची, त्यांनाही लागायची, त्यामुळे लाज वाटत नसे. शाळेत मी इंग्रजीत गप्प असायचे आणि घरी मराठीत. पप्पांबरोबरच्या गप्प राहण्यात मात्र मला बरं वाटायचं.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी, आम्ही चालून आल्यावर, मी त्यांचे बूट दारातून बाजूला करत होते. डाव्या बुटात काहीतरी टोचलं. तळातून एक स्क्रू वर आला होता, त्याचं टोक बोटाला लागत होतं. आत ओलसर होतं आणि वास येत होता. मी बूट तसाच पप्पांकडे नेला. त्यांनी बोट घालून स्क्रू चाचपला.

"ह्यो कदी घुसला?" ते म्हणाले.

सकाळपासून त्याच पायाने त्यांनी क्लच दाबला होता. त्याच पायाने माझ्याबरोबर दोन फेऱ्या घातल्या होत्या. त्यांनी मोजा काढला. तळव्याला एक गोल खड्डा होता, कडा पांढऱ्या पडलेल्या. तो आजचा नव्हता, हे मलाही कळलं.

"दुखत नाय गो," ते मला धीर देत म्हणाले. त्याचीच मला भीती वाटली.

मग त्यांनी सांगितलं. शुगर आहे, वर्षापूर्वीच कळलंय, गोळ्या ट्रेलरच्या खणात असतात. आठवण झाली की घेतात. शेठला कळलं तर गाडीवरून उतरवेल. "आईला बोलू नको. तुजं वजन उतरू दे, मंग मी बी दाखवतो डाक्टरला."

मी मान डोलावली.

त्यानंतर तलावावर मला फक्त डावा बूट ऐकू यायचा. माझ्यासाठी घातलेली प्रत्येक फेरी तो खड्डा खोल करते आहे, असं वाटायचं. मी पोटात दुखतंय म्हणायचे. "फसवू नको, मॅडमला काय सांगू मी?" म्हणत ते पुढे निघायचे. ज्या माणसाने घरात कधी स्वतःचा पेला विसळला नाही, तो आता मोरीत बसून स्वतःचे मोजे धुवायचा. आईला ते कौतुकाचं वाटलं. शाळेच्या लायब्ररीतल्या जाड इंग्रजी पुस्तकात मी शुगरच्या आजाराचं पान शोधलं आणि तिथल्या फोटोवर वही ठेवून बाकीचं वाचलं. पाय बधिर होतो, जखम कळत नाही आणि शेवटी पाय कापावा लागतो, असं त्यात होतं.

माझं वजन उतरलं की पप्पा पाय दाखवणार होते. म्हणून मी शाळेत डबा खाणं सोडलं. रोज तो बाकावरच्या शेजारणीला द्यायचे.

मावशींनी पडद्यामागून आत बोलावलं. मी चपला काढून काट्यावर उभी राहिले. तीन किलो कमी. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मॅडमच्या खोलीतही चपला-बूट बाहेर काढून जावं लागे. पप्पा नेहमीसारखे बूट घालून उंबऱ्यापाशीच थांबले, हातात बाईकची किल्ली.

"या की आत, काटा खात नाही तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

"गाडी रस्त्यात लावलीय, मॅडम."

मॅडम हसल्या. हे सगळं पप्पांमुळे झालं, असं त्यांनी आईला सांगितलं. आता दोनाच्या चार फेऱ्या करा, म्हणाल्या.

"चार काय, पाच मारू," पप्पा दारातून म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. ते सगळा भार उजव्या पायावर देऊन उभे होते. मॅडम माझ्या कार्डावर चार लिहीत होत्या.

त्या खोलीत मी तोपर्यंत एकदाही बोलले नव्हते. मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही आईच द्यायची. पप्पांकडे पाहिलं असतं तर जमलं नसतं, म्हणून मी मॅडमच्या पेनाकडे पाहत राहिले.

"मॅडम, मी डबा खात नाही, म्हणून वजन कमी झालंय. पप्पांना चालायला सांगू नका. त्यांना आत बोलवा आणि डावा बूट काढायला सांगा."