घरी कोण आहे, ते बघून येते

आमच्या वॉर्डात तिला सगळे शंकाताई म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे शंका. ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं घरी पाठवताना पलंग, आधाराची खुर्ची, मदतीची बाई, औषधं या सगळ्याची जुळवाजुळव करायचं तिचं काम. डॉक्टरांनी सुट्टी दिली तरी ही म्हणणार, "घरी कोण आहे, ते बघून येते." मी तिथली नर्स. खाट अडून राहिली की माझं डोकं फिरायचं.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींवरून तर आम्ही कडाडून भांडलो. आजी वॉकर धरून झकास चालत होत्या. "आमचे हे आहेत ना घरी, सगळं करतात," म्हणायच्या.

"मग भेटायला का येत नाहीत?" शंकाताईनं विचारलं.

"त्यांना दवाखान्याचा वास सोसत नाही."

"फोनवर बोलू?"

"नको गं, कमी ऐकू येतं."

बाहेर आल्यावर शंकाताई पुटपुटली, "पाणी कुठेतरी मुरतंय."

"तुला आरशातल्या बाईचाही संशय येईल!" मी म्हटलं.

"मग तूच चल बघायला."

आजोबांनी दार उघडलं. कडक इस्त्रीचा शर्ट, घर लख्ख. मी तिच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. आजोबा हळू आवाजातलंही नीट ऐकत होते, हे मात्र मला खटकलं.

"बसा, चहा ठेवतो. ही बाजारात गेलीय, येईलच."

शंकाताई त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेली. शेगडीची बटणं कुणीतरी काढून ठेवली होती. शेजारीण डबा घेऊन आली, आम्हाला बघून चपापली. "आजींनी शपथ घातली होती हो, कुणाला सांगू नकोस म्हणून."

आजोबांनी कप आणले. चार. त्यांत नुसतं गार पाणी होतं.

"हा तिचा," ते म्हणाले, आणि एक कप बशीने झाकून ठेवला. मला फार लाज वाटली.

परतल्यावर आजींनी आमची तोंडं पाहिली आणि सगळं ओळखलं. "आता त्यांना एकीकडे टाकाल, मला दुसरीकडे."

"टाकायला तुम्ही काय भांडीकुंडी आहात?" शंकाताई म्हणाली. "दिवसभराची बाई बघतेय. दोघांसाठी, तुमच्याच घरी."

आजींचा विश्वास बसेना. बाई ठरली, वॉर्डात येऊन भेटून गेली, तरी त्या मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, "ही खरं बोलते ना गं?" घरी निघायच्या सकाळी मात्र वेगळंच विचारलं.

"तुम्ही गेलात तेव्हा हे काय म्हणाले होते?"

"तुम्ही बाजारात गेलाय म्हणाले. तुमचा चहा झाकून ठेवलाय."

आजींनी पदर डोळ्यांना लावला, मग वॉकर पुढे ओढला.

"चला लवकर, गार होईल."