रिकाम्या बाटल्यांचे नारायणकाका

हा लेख दिवाळीच्या आधीच द्यायचा होता. संपादकांचे निरोपावर निरोप आले. मी कधी किनवटला, कधी नांदेडला, कधी नुसताच रस्त्यावर. आता नारायणकाकांच्या पंचाहत्तरीची स्मरणिका छापायला जायची वेळ आली, म्हणून ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याच ओसरीवर बसून लिहितो आहे.

शाळा अर्ध्यावर सोडून मी फिरत होतो, तेव्हाची ही ओळख. उटनूरच्या बसस्टँडसमोर नारायणकाकांचं सोड्याचं दुकान. तहान लागली म्हणून थांबलो. मागच्या फळीवर काळपट हिरव्या, जाड काचेच्या विलायती बाटल्या ओळीनं मांडलेल्या.

"काका, दारूबी ठेवता काय?" मी विचारलं. गिऱ्हाइकं हसली. काका शांतपणे म्हणाले, "रिकाम्या हायेत बाबू. आत काय होतं ते पिणारा जाणे. मी बाहेरचं पाह्यतो."

काकांच्या कपाळावर एक व्रण आहे. तरुणपणी सोडा भरताना बाटली फुटली, त्याचा. दुसऱ्या कोणी धंदा बदलला असता. काकांना प्रश्न पडला, की न फुटणारी बाटली कोणी केली असेल? त्या प्रश्नामागे ते वाचनालयात गेले, पुतण्याकडून इंग्रजी पुस्तकं वाचून घेतली आणि थेट शॅम्पेनपर्यंत, म्हणजे सोड्यासारख्याच फसफसणाऱ्या फ्रान्सच्या दारूपर्यंत पोचले. इंग्लंडात लाकूड जहाजांसाठी राखलं, म्हणून काचेच्या भट्टीत कोळसा आला, आच वाढली आणि काच दणकट झाली. शॅम्पेनला तशीच काच लागली. तरी बाटल्या फुटतच. म्हणून फ्रान्सच्या तळघरांत कामगार लोखंडी मुखवटे घालून जात. हे सांगताना काकांचा हात आपसूक कपाळाकडे जातो, जणू तो कामगार त्यांचा भाऊबंदच.

त्यांच्यामुळेच मला कळलं, की उतरत्या खांद्यांची बाटली बर्गंडीची आणि ताठ खांद्यांची बोर्दोची; दोन्ही फ्रान्सातले दारूचे मुलूख. इटलीतली गोल बुडाची बाटली उभी राहत नाही, म्हणून तिला गवताचं विणलेलं आसन. "आपल्या घागरीले चुंबळ असते तसं," काका सांगतात. रशियाच्या एका बादशहाला घातपाताची भीती होती. आत काही लपवता येऊ नये, म्हणून त्याच्यासाठी पारदर्शक काचेची, सपाट बुडाची बाटली केली, असं म्हणतात. हे 'म्हणतात' काका कधी विसरत नाहीत. शाळेच्या पोरांनी एकदा विचारलं, की बाटलीचं बूड आत का दबलेलं असतं? काका म्हणाले, "चार लोकं चार कारणं सांगतात. चारही सांगीन. खरं कोणतं, ते मले ठाऊक नाही." मोठ्या माणसाच्या तोंडून 'ठाऊक नाही' मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी हैदराबादहून त्यांच्यासाठी एक चपटी जर्मन बाटली आणत होतो. बसमध्ये एका आजीबाईंनी डोळे वटारले. "रिकामी हाय, आजी," म्हटलं. "मंग त तुया पोटात हाय!" सगळी बस हसली. असो, भरकटलो. सांगायचं होतं ते हे, की मी कधीही आलो तरी काकू भाकर टाकतात आणि काका "कुठं होता?" न विचारता "काय पाह्यलं?" असं विचारतात.

याच बाटल्यांपायी काकांनी एक दुःखही सोसलं. ते लिहायची परवानगी त्यांनीच दिली. त्यांची थोरली बहीण, नार्नूरच्या अक्का. अक्कांच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे काकांच्या घरी उतरले. घरातल्या फळीवरही मांडलेल्या बाटल्या पाहून वरपिता चहा न घेताच उठले. एकादशी न चुकवणारे काका "रिकाम्या हायेत" म्हणत फाटकापर्यंत मागे गेले. सोयरीक मोडली. भाची पुढे चांगल्या घरी पडली, पण अक्कांनी भावाच्या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

पंचाहत्तरीच्या सोहळ्यात या बाटल्यांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा काका स्वतः नार्नूरला गेले. अक्का चुलीपासून उठल्या नाहीत. "त्या बाटल्या असन तिथं मी येत नाही," एवढंच बोलल्या. आम्ही म्हटलं, प्रदर्शन रद्द करू. काका बराच वेळ एक बाटली पुसत राहिले. मग म्हणाले, "अक्कासाठी सगळ्या फोडीन. पण मंग मी काही लपवून राह्यलो होतो, असं होईन. मांडा. अन् तिची वाट मी पाह्यतो."

अशा या निर्मळ माणसाला उदंड आयुष्य लाभो. हातापायांत बळ राहो, नजर शाबूत राहो आणि त्यांच्या ओसरीवर माझ्यासारख्यांची वर्दळ कधी थांबू नये, हीच प्रार्थना.

इतकं लिहितो आहे तोच काकूंची हाक आली, "अवं, ऐकलं काय? जीपमधून अक्का उतरून राह्यल्या! ट्रंक हाय सोबत!" काका चपला न घालताच अंगणात धावले आहेत, आणि फाटकातून खणखणीत आवाज येतो आहे, "मी आली म्हणून बाटल्या पसंत हायेत असं समजू नको, नाऱ्या!"