प्लाझ्माच्या कडेला खळबळ

संपादक बातमीतून ज्या ओळी कापतात, त्या मरत नाहीत. चहाच्या टेबलावर जमा होतात. तीस वर्षं बातमीदार म्हणून मी त्या ओळींसाठी भांडतोय. सर्वांत जास्त ओळी कापल्या गेल्या त्या कुडाळच्या डॉ. सुलभा धुरीवरच्या बातम्यांतल्या, म्हणून किस्सेही तिचेच जास्त!

सूर्यासारखी ऊर्जा बनवू पाहणाऱ्या यंत्रात वायू इतका तापतो की त्याचा प्लाझ्मा होतो. चुंबकांनी तो भिंतीपासून दूर धरायचा. पण कडेला भोवरे उठतात, उष्णता बाहेर सांडते. का, किती, कधी? सुलभा हे गणितानं शोधते. तिचं सहा वर्षांचं काम परदेशातल्या एका यंत्रावर तपासलं जाणार होतं. चुकलं तर पाटी कोरी!

*

मी बातमी दिली. उपसंपादक दाजीचा मथळा : 'प्लाझ्माच्या कडेला खळबळ, कुडाळच्या डॉक्टरांचा शोध सुरू'.

सकाळीच पोलिसांचा फोन. "डॉक्टर कधीपासून बेपत्ता आहेत?"

*

मग एक पुढारी निवेदन घेऊन तिच्या दारात. "गावात भट्टी नको!"

तिनं वही-पेन्सिल दाखवली. "माझी भट्टी एवढीच. यंत्र परदेशात आसा."

पुढाऱ्यानं निवेदन पुढे केलं. "मग थंयसून हलवा!"

*

कधी कधी आणखी तापवलं की कडेची खळबळ एकदम निवते, असं तिनं सांगितलं. मी ऑफिसात मूठ आपटली. "ही ओळ कापाल तर याद राखा!"

दाजी म्हणाला, "भाऊनू, म्हणजे तुमका अजून कोणी पुरेसा तापवूकच नाय!"

*

लेक काय करते, असं विचारलं की तिचे वडील बाबूकाका सांगत, "कडेचा काम." शेजारची वहिनी साडी घेऊन आली. "फॉल लावून दी गो!"

सुलभानं दिला लावून. मला म्हणाली, "एका दुपारात संपलेलं माझं हे एकमेव कडेचं काम!"

*

निकालाची मेल आली तेव्हा मी तिच्या पडवीत होतो. बाबूकाका नारळ सोलत होते.

"चुकलं," सुलभा म्हणाली. "माझ्या गणितानं जिथं भोवरे हवेत, तिथं सगळं शांत आहे."

मी उसळलो. "सहा वर्षं! कोणाविरुद्ध लिहू, सांग!"

तिचं लक्षच नव्हतं. ती आलेखाकडे टक लावून बघत होती.

"शांत कशान झाला गो?" बाबूकाकांनी विचारलं.

"माका ठाऊक नाय, बाबा."

काकांनी नारळ बाजूला ठेवला, खुर्ची तिच्याजवळ ओढली. "इतकी वर्षां शिकलंस, आज पयल्यांदा माका कळात असा बोललंस!"