निम्म्यावर आलेला शेअर

शेअर निवडून देणाऱ्या स्कॅनरच्या यादीत एखादं नाव एका दिवसात निम्म्यावर आलेलं दिसलं, की अजून मी ते दोनदा वाचतो. कारण ठाऊक असतं, तरी वाचतो.

मी सोलापूरकडचा. सातवीत शाळा सुटली, कामठीला यंत्रमागावर आलो, तिथून गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात गाठी बांधायला लागलो. प्रताप नगरात ज्या घरात वरची खोली मिळाली, तिथले काका तरुणपणी हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडला तेव्हा त्यांनी शेअर बाजार धरला, तोही विणकरासारखाच. रोज संध्याकाळी ग्राफपेपरवर पेन्सिलीनं भावाची रेघ काढत. ती वाचायला त्यांनी मला शिकवलं. परगावच्या गाठीवाल्याला कोण एवढं शिकवतं?

एखादी कंपनी एकावर एक बोनस शेअर देते, तेव्हा शेअर दुप्पट होतात आणि भाव आपोआप निम्म्यावर येतो. कुणाचं काही बुडत नाही, पण कागदावरची रेघ तुटते. काका मग मागचे सगळे भाव निम्मे करून रेघ नव्यानं काढायचे. म्हणायचे, "मागावर नवा ताणा, उभे धागे, चढवला का जुन्याच्या टोकाले एकेक धागा सांधा लागते. नाही तं कापड कसं होईन गा?"

पुढे काचबिंदूनं त्यांची नजर नेली. कागदावरच्या चौकटी दिसेनात.

"आता तूच एखादं स्कॅनर पाह्य," ते म्हणाले. "हजार शेअरातून आपल्या कामाचे निवडून देते म्हणतात."

"काका, मला इंग्रजी कुठं येतंय?"

"मले तरी कुठं येते? रेघेले भाषा राह्यते का?"

मी तीन सॉफ्टवेअर फुकटात वापरून पाहिली. त्यातल्या दोनांनी इंग्रजीत वीस-वीस गोष्टी विचारल्या. तिसऱ्याला एकच बटण होतं. दाबलं की मोठ्या अक्षरात यादी. त्याच्यापुढं मला लाज वाटली नाही. तेच घेतलं.

मग रोज दुपारी दोनला मी दुकानातून फोनवर यादी वाचायचो. काका ऐकायचे, "ठेव" म्हणायचे किंवा "सोड". सोडायचा, म्हणजे विकायचा, असला की दलालाला स्वतः फोन करायचे.

एका दुपारी यादीत सगळ्यात वर, लाल अक्षरात, एक नाव आलं. तो शेअर त्यांनी कित्येक वर्षं काकूंसाठी म्हणून जपला होता. निम्म्यावर होता. मी वाचलं. पलीकडं काकूंच्या कुकरची शिट्टी झाली.

"पुन्हा पाह्य."

"पाहिलं, काका. निम्माच आहे."

मग ते म्हणाले, "सोड."

सगळे विकले. बोनस ना त्यांना सुचला, ना मला. मागच्या भावांचा सांधा मी घातला असेल, म्हणजे पडझड खरीच, असं त्यांना वाटलं. मला वाटलं, यंत्रानं घातला असेल.

दोन दिवस मी त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन वर जायचो. तिसऱ्या दिवशी काकूंनी जिन्यातच गाठलं. "दलालाचा फोन आला होता बापा. जेवढे विकले तेवढेच शेअर खात्यात परत आले म्हणते. हे काय व्हय?"

विकलेली वस्तू परत कशी येते? मग बातमी शोधली. बोनस जाहीर झालेला होता आणि आदल्या दिवसापर्यंत शेअर आमच्याकडे असल्यानं त्याचा हक्क आमचाच राहिला होता. आम्ही विकले ते जुने. आले ते बोनसचे. म्हणजे अर्धं विकून गेलं, अर्धं राहिलं.

काका हसले. "काहून गा, तोंड लपवून राह्यला? अर्धं लुगडं वाचलं. पदर तेवढा दुसऱ्याचा."

"हसून राह्यले," काकू म्हणाल्या. "दोन दिवस जेवले नाही, ते सांगा त्याले."

शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग उरलेल्या दोन सॉफ्टवेअरमध्ये मी तोच शेअर, तीच तारीख काढून पाहिली. एकात रेघ कड्यावरून कोसळलेली. दुसऱ्यात मागचे भाव निम्मे करून नीट सांधलेली. त्याचे ते वीस प्रश्न दुकानात एकेक शब्दाचा अर्थ विचारत भरले. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या. मग काकांना सांगितलं.

"भरोसा हाये का तुले याच्यावर?"

हो म्हणायचं होतं. "नाही," मी म्हणालो. "कंपन्यांनी काय जाहीर केलं ते आधी वाचीन, मग यादी."

"मग हेच घे."

काका आता नाहीत. दोन वाजता मी काकूंना फोनवर वाचून दाखवतो, आधी जाहीर झालेलं, मग यादी. मध्येच त्या विचारतात, "आपला तो शेअर? सोडू का बापा?" मी म्हणतो, थांबू. तो खरंच थांबण्यासारखा आहे, की 'सोडा' हा शब्दच माझ्या तोंडून निघत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. काकू त्यापुढं काही विचारत नाहीत. "बरं," म्हणतात आणि फोन ठेवतात.