कोंडलेला कोळसा

चहाचा कप असो, उन्हातल्या स्कूटरची सीट असो, की कोळशाचा ढीग, ती आधी हाताची पाठ लावून पाहायची आणि म्हणायची, “तापून राह्यलं जी.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो त्यांना. मीही हसायचे.

चंद्रपूरच्या कॉलेजात ती आणि मी रसायनशास्त्र शिकवायचो. मी वयानं मोठी, म्हणून ती मला बाई म्हणे. ती माजरीची, तिचे बाबा कोळसा खाणीत होते. पीएचडीला तिनं विषय घेतला, कोळसा नेणाऱ्या जहाजांवरचे धोके. स्टाफरूममध्ये हशा पिकला.

“अगं, समुद्र तरी पाहिलायस का?” मी विचारलं.

“नाई पाह्यला. मार्कंड्याले वैनगंगा पाह्यली. पण कोळसा पाह्यला न, बाई. जहाजात गेला म्हून तो बदलते का?”

प्रयोगशाळेमागं तिनं कोळसा भरून घट्ट बंद केलेले पिंप ठेवले होते. आतली हवा ती रोज तपासायची. कोंडलेला कोळसा हळूहळू सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतो. “आग दिसते तरी,” ती म्हणायची, “हे दिसत नाई. माणूस शिडीनं खाली उतरते अन् खालीच राह्यते.” बाबांचे एक सोबती जुन्या बोगद्यात असेच गेले होते. त्याबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही.

माझं संशोधन विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर. नेटकं, उपयोगाचं. विशाखापट्टणमच्या परिषदेत आम्ही दोघींनी निबंध वाचले. मला टाळ्या मिळाल्या. तिचं वाचून झालं आणि टाळ्यांच्या आधीच एक निवृत्त कप्तान उठून पुढे आले. “मेरे जहाज़ के दो लड़के ऐसे ही गए,” ते म्हणाले. “एक गिरा, दूसरा उसे निकालने उतरा.” तिचे हात धरून ते चारचौघांत रडले.

माझ्या एकाही निबंधावर कधी कुणी रडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कप्तानांनी कोळशाचं जहाज दाखवायचं ठरवलं. बंदराचा पास एकीचाच निघाला. “बाई, तुमी जा न. मी मंग कधी पाहीन,” ती म्हणाली. चांगुलपणातही ती माझ्या पुढेच. मला तिचा रागच आला.

“तूच जा,” मी म्हटलं आणि गेटजवळच्या टपरीवर बसले.

ती परतली आणि उभ्याउभ्याच सांगू लागली. एक खलाशी जहाजाच्या तळातल्या कोळशाच्या बंद कोठारात उतरायला निघाला होता. तिनं त्याची कॉलर धरली. “पहले हवा नापो!” तो चिडला, बाकीचे हसले. मग दोरीला बांधून ऑक्सिजन मोजणारं मीटर खाली सोडलं, तर ते किंचाळायलाच लागलं. खलाशानं शिडीवर टाकलेला पाय मागे घेतला.

“तान्ही पोरगी आहे जी त्याले,” ती म्हणाली. “फोटो दाखवला मले.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

पुढे तिथल्याच एका संस्थेनं तिला खलाशांना शिकवायला बोलावलं. तिनं कॉलेज सोडलं. तिचं टेबल एका नव्या सरांना मिळालं. ते कशालाच हात लावून पाहत नाहीत.

गेल्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. ती कामावर होती, म्हणून बंदरालगतच्या पुलावर थांबले. लांबच्या जहाजावर ती दिसली, पिवळ्या हेल्मेटमध्ये, खलाशांच्या रांगेपुढे. तिनं हात वर केला आणि ते सगळे जागच्या जागी थांबले. माझं वर्गात इतकं कुणी कधी ऐकलं नाही. जळफळाट झाला, खरंच. मग तिनं दोरी खाली सोडली, वाट पाहिली आणि मान हलवली. एकेक जण खाली उतरू लागला. शेवटी तीही उतरली.

आत जाणारी डोकी मी मोजली होती. ती सगळी वर येईपर्यंत मी पुलावरून हलले नाही.